धुतलेलं मीठ

पिशवी ओली लागली तेव्हा तिला आधी वाटलं, आपल्याच हाताला घाम आलाय. चार मजले चढून झाले होते आणि खांद्यावर नमुन्यांची पेटी होती. दर गुरुवारी प्रयोगशाळेतली दोन माणसं शहराचा एक भाग वाटून घ्यायची, दारं वाजवायची आणि प्रत्येक घरातून चमचाभर मीठ मागून आणायची. त्या मिठात आयोडीन किती उरलंय ते मोजायचं, आणि घरात गरोदर बाई असली तर फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात खूण करायची. या घराच्या फॉर्मवर खूण झाली होती. बाईला सहावा महिना असावा. एक हात कमरेवर ठेवून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि दुसऱ्या हाताने तिने स्वतःच मीठ त्या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिलं होतं. पिशवी उजेडासमोर धरल्यावर दिसलं की खडे एकमेकांना चिकटलेत आणि तळाशी पाण्याची बारीक रेघ जमलीय.

"ओलं झालंय हो मीठ," पिशवी हलवून बघत ती म्हणाली. "बरणी नळाजवळ ठेवता का?"

"छे! बरणी कोरडी ठणठणीत आहे. मीठच ओलं आहे. कालच धुतलं, अजून नीट वाळलं नाही."

"धुतलं?"

"हो. का, तुम्ही नाही धूत?" बाई हसली. "अहो, खडेमीठ किती मळकं असतं बघितलंय का कधी? पोत्याची सुतळी काय, माती काय. पहिलं पाणी चहासारखं निघतं. आणि आता तर दोघांचं खायचं."

यावर काय बोलायचं ते तिला पाठ होतं. माहितीपत्रकात ते वाक्य सातव्या क्रमांकावर होतं आणि ते लिहिताना प्रयोगशाळेतले सगळे हसले होते, की मीठ कोण धुतंय, ही ओळ कशाला वाया घालवायची. आयोडीन खड्याच्या वरवर फवारलेलं असतं, धुतलं की पाण्याबरोबर निघून जातं, तेव्हा धुऊ नका. तिने ते सांगितलं. सांगताना आवाज ठीक होता. पण बाईच्या चेहऱ्यावर जे झालं त्याची तिला तयारी नव्हती. हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचं माणूस निघून गेलं. कमरेवरचा हात हळूच पुढे पोटावर आला. "म्हणजे मी सहा महिने…" बाई म्हणाली आणि थांबली. तशी ती बाईला घाईघाईने समजावत सुटली, की अजून काही बिघडलेलं नाही, दूध पिता ना, अंडी खाता ना, मग त्यातूनही मिळतं, उद्याच दवाखान्यात सांगा, ते बघतील, आणि आजपासून न धुता खा. बाईने मान हलवली. दार लावून घेताना ती म्हणाली, "माझ्या बाजूने मी चांगलंच करत होते."

जिना उतरताना तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये ती उभी राहिली. तिला चाळण आठवली. ॲल्युमिनियमची, एका कानाची, दुसरा कान तुटलेला. त्या चाळणीत आई मीठ घ्यायची, बादलीत बुडवायची, दोनदा खळखळवायची, वर काढायची, पुन्हा बुडवायची. तीन पाणी. नंतर ते मीठ खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या उशीच्या अभ्र्यावर पसरलेलं असायचं, आणि त्याला राखणीला बसवलेली ती, पाच-सहा वर्षांची, एकेक खडा जिभेवर ठेवून त्याच्या कडा गोल होईपर्यंत वाट बघायची. ओल्या खड्याला जरा थंडपणा असायचा. जीभ चरचरायची. हे सगळं तिच्या डोक्यात इतकी वर्षं पडून होतं, आणि दोन वर्षं मिठाची नोकरी करूनही तिने त्याकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं. याचंच तिला जास्त नवल वाटलं. ज्या बाईने मीठ धुतलं तिच्याकडे आपण आत्ता कशा बघत होतो? थोड्या वरूनच. आणि आपण स्वतः तर धुतलेल्या मिठावर वाढलो. आपण आणि धाकटा.

धाकटा. तिथे येऊन विचार जागच्या जागी उभा राहिला.

धाकटा भाऊ तिच्याहून तीन वर्षांनी लहान. वाचनालयात परत आलेली पुस्तकं रंगीत चिकटपट्ट्या बघून जागेवर लावायचं काम तो करायचा. सावकाश करायचा, पण चुकायचा नाही, आणि ग्रंथपाल बाई म्हणायच्या, की घाई करणाऱ्यांनी लावलेली कपाटं मला यालाच परत लावायला द्यावी लागतात. त्याला अक्षरं यायची, लांबलचक वाक्यं यायची नाहीत. गोष्ट सांगितली तर मध्यापर्यंत यायचा आणि मग सुरुवातीकडे परत जायचा. शाळेने त्याला दोन वेळा त्याच वर्गात बसवलं आणि तिसऱ्या वेळी हात जोडले. का, ते कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, कान बघितले, डोळे बघितले, रक्त बघितलं आणि म्हणाले, काही मुलं अशी असतात. आईने ते ऐकून घेतलं. घरात कधी त्यावर बोलणं निघालं नाही. बाबा होते तेव्हाही नाही. बाबांनी तिला 'चौकशी' हे नाव पाडलं होतं, कारण ती भिंतीलासुद्धा प्रश्न विचारायची. पण या एका प्रश्नावर बाबासुद्धा म्हणायचे, "चौकशी, आता खिडकी बंद." खिडकी बंद झाली नव्हती. ती शास्त्र शिकायला गेली ती बहुतेक त्याच खिडकीतून, आणि आईचा तिला मनातल्या मनात राग यायचा तो यासाठी की आईने कधीच 'का' असं विचारलं नाही. जे आहे ते आंघोळ घालून, भांग पाडून शाळेत पाठवायचं, बस. इतकं कसं कुणी न विचारता राहू शकतं?

आता जिन्यात उभं राहून तिला वाटलं, आई विचारत नव्हती कारण तिला उत्तराची भीती होती. हा विचार इतका नेमका बसला की ती त्याच्याकडे संशयाने बघू लागली. प्रयोगशाळेत तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आकडा पाहिजे होता तसाच आला तर तो पुन्हा काढायचा.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून खडेमीठ आणलं. त्याचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला आणि दुसरा प्रयोगशाळेच्या मोरीत, प्लास्टिकच्या चाळणीत, आईसारखा धुतला. तीन पाणी. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "हे काय, मिठाला आंघोळ? उद्या साखरेचे केस विंचर." ती हसली. धुताना मनगट आपोआप तसंच फिरलं, दोनदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, आणि तिला कळलं की तिच्या हाताला हे माहीत होतं. मीठ वाळवलं, वजन केलं, पाण्यात विरघळवलं, आम्ल घातलं, मग दुसरा एक क्षार घातला, ज्याने मिठातलं सगळं आयोडीन मोकळं होऊन पाणी पिवळं पडतं. फ्लास्क दहा मिनिटं अंधाऱ्या कपाटात ठेवायचे असतात. ती दहा मिनिटं ती कपाटासमोर स्टूल घेऊन बसली. तिला नेहमीच हे आवडायचं, की इतक्या कमी पदार्थाचा सुद्धा रंग दिसू शकतो. टाचणीच्या टोकावर मावेल एवढं आयोडीन माणसाला बरेच दिवस पुरतं. तेवढ्यातून गळ्यातली ती लहानशी ग्रंथी आपलं द्रव्य बनवते, आणि पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी पहिले तीन-चार महिने कामाला लागलेलीच नसते, तोवर आईच्याच द्रव्यावर सगळं चालतं. त्याच महिन्यांत मेंदूच्या पेशी आतून बाहेरच्या थरांकडे निघालेल्या असतात, आपापली जागा शोधत, आणि त्या द्रव्याची त्यांना गरज असते. कमी पडलं तर काही उशिरा पोचतात, काही वाटेतच बसकण मारतात. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसकट, आणि चांगले गुण मिळवले होते. आकृती काढताना आई आठवली नव्हती.

तिने कपाट उघडलं. न धुतलेल्या मिठाचा फ्लास्क गर्द पिवळा होता. दुसरा जवळजवळ पाणीच. खळ घातल्यावर पहिला शाईसारखा निळा झाला आणि ब्युरेटच्या नळीतून रंग घालवणारं द्रावण थेंब थेंब सोडताना ती निळाई हटायला बराच वेळ लागला. दुसऱ्यात जेमतेम निळसर झाक आली आणि चौथ्या थेंबाला गेली. किलोमागे एकतीस मिलिग्रॅम आयोडीन आणि चार. तिने पुन्हा केलं. एकतीस आणि पाच.

साहेब चष्मा कपाळावर चढवून तिचे आकडे बघत राहिले. त्यांचे केस प्रयोगशाळेतच पांढरे झाले होते आणि त्यांना सरळ उत्तर देण्याची सवय नव्हती. "चांगलं केलंस. सातवी ओळ ठेवू या पत्रकात. पण तुला हे नाही विचारायचं. तुला काय विचारायचंय?"

"समजा एखाद्या बाईने पूर्ण नऊ महिने असं मीठ खाल्लं. तर मुलावर किती परिणाम होईल?"

"एखाद्या बाईने, की हजार बायकांनी?"

"एका."

"मग मला काय माहीत? हजारांचं विचार, सांगतो. हजारांची मुलं शाळेत बसव, चाचणी घे, सरासरी थोडी खाली आलेली दिसेल. कुणाची बरीच खाली, कुणाची काहीच नाही. ती दूध पीत होती का? मासे खात होती का? पाणी कुठल्या विहिरीचं? तिच्या अंगात आधीचा साठा किती? आणि मूल तसंही कसं झालं असतं, ते कुठून आणणार तू? ते दुसरं मूल तर जन्मालाच आलं नाही." त्यांनी चष्मा खाली घेतला. "कुणाची आई आहे ही?"

"सर्वेक्षणातली बाई," ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आकड्यांचा कागद परत दिला.

पण तिच्याकडे ते दुसरं मूल होतं, हेच तर साहेबांना माहीत नव्हतं. एकच आई, तेच घर, तेच नळाचं पाणी, आणि दोन मुलं. एक धाकटा आणि एक ती. नेमकं काय बदललं एवढंच शोधायचं. आई मीठ कधीपासून धुवायला लागली? समजा तिच्या जन्मानंतर आणि धाकट्याच्या आधी. मग सगळं जुळत होतं. तिने शनिवारभर ते जुळवलं. बसमध्ये जुळवलं, भाजी निवडताना जुळवलं, आणि जितकं जुळत गेलं तितकी तिला आतून एक लबाड हुशारी जाणवायला लागली, कोडं सुटतानाची, आणि तिची तिलाच लाज वाटली. कारण त्या कोड्याच्या शेवटी आई उभी होती. त्या चौथ्या मजल्यावरच्या बाईला अजून तीन महिने होते, गोळ्या होत्या, डॉक्टर होते. आईला बावीस वर्षं उलटून गेल्यावर काय द्यायचं? माझ्या बाजूने मी चांगलंच करत होते, असं आई म्हणेल. की म्हणणार नाही, नुसतं ऐकून घेईल, जसं डॉक्टरांचं घेतलं होतं? सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. मग ठरवलं, सांगायचं नाही पण विचारायचं. नुसती तारीख. तारखेने काय होतंय?

रविवारी दुपारी आई खिडकीपाशी बसून एका कोटाचं अस्तर उसवत होती. ती आयुष्यभर शिवत आली होती, आधी इस्पितळाच्या चादरी शिवणाऱ्या कारखान्यात आणि आता घरी, लोकांचे आखूड झालेले, सैल झालेले कपडे. धाकटा जमिनीवर बसून बटणं आकाराने लावत होता. ती आल्याबरोबर त्याने वर न बघताच दवंडी पिटली, "चौकशी आली! चौकशी आली! आई, काय लपवायचं ते लपव!"

"काही नाही लपवायला," आई म्हणाली. "चहा ठेव गं. आणि तुझ्या त्या पिशव्या बाहेर ठेव, घरभर मीठ सांडतेस."

तिने चहा ठेवला. परत येऊन दाराशी उभी राहिली. अगदी सहज बोलावं तसं तिने वाक्य मनात तीनदा बोलून पाहिलं होतं. "आई, तू मीठ धुवायचीस ना पूर्वी. कधीपासून गं?"

आईची सुरी अस्तराच्या टाक्यात थांबली. मग तिने तो टाका तोडला, पुढचाही तोडला. "धाकट्या, खाली जाऊन गॅलरीतले कपडे आण बरं. सगळे. मोजून." धाकटा उठला. गॅलरी खाली नव्हती, त्याच मजल्यावर टोकाला होती, पण आई असंच म्हणायची आणि त्याला कळायचं. त्याची पावलं लांब गेल्यावर आई म्हणाली, "किती दिवस झाले हे डोक्यात घेऊन फिरतेयस?"

"गुरुवारपासून."

"मला अकरा वर्षं झाली." आईने कोट मांडीवर पसरला. "तू नववीत होतीस. धाकट्याला घेऊन दवाखान्यात बसले होते, आमचा नंबर येईना. समोर भिंतीवर चित्र होतं. मीठ, पोटुशी बाई, आणि बाजूला मुलाचं डोकं काढलेलं, आत निम्मं रंगवून निम्मं कोरं सोडलेलं. खाली लिहिलं होतं, मीठ धुऊ नका. तीन तास मी तेवढंच वाचत बसले. म्हटलं, सापडलं. मीच केलं."

"आई…"

"थांब, बोलू दे. तुला वाटतं मी कधी विचारलं नाही. मी काय काय नाही विचारलं? कुठल्या महिन्यात ताप आला, कुठल्या जिन्यावरून पाय घसरला, कारखान्यातला वास, गोळ्या, सगळं. बोटांवर मोजून झालं होतं. तेवढं मीठ राहिलं होतं." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "मग त्या बाकावरच आठवलं. धाकट्याच्या वेळी पाण्याची मारामार होती. तू तीनची होतीस, तुला आठवत नसेल. चौथ्या दिवशी टँकर यायचा, दोन बादल्या मिळायच्या. प्यायला पुरत नव्हतं, मीठ कुठलं धुतेय? वर्षभर तसंच टाकलं भाजीत, मातीसकट. वाईट वाटायचं मला. पाणी आल्यावर पुन्हा धुवायला लागले."

चहा उतू जाण्याचा आवाज आला आणि ती आत धावली. गॅस बंद केला. फडक्याने ओटा पुसला. तो पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. वर्षभर न धुतलेलं मीठ. म्हणजे धाकट्याला पूर्ण मिळालं, एकतीसच्या एकतीस. शनिवारभर रचलेलं सगळं खाली आलं, आणि धाकटा पुन्हा होता तिथेच गेला, कारण नसलेला, नुसता धाकटा. तिला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटणं पुरं होण्याआधीच पुढची पायरी आली. कुणी ढकलल्याशिवाय ती स्वतःच येते, गणितात येते तशी.

ती कप घेऊन बाहेर आली. "आणि माझ्या वेळी?"

आईने कप घेतला नाही. "तुझ्या वेळी पाणी भरपूर होतं," ती म्हणाली. "तीन पाणी. कधीकधी चार. पहिलं बाळंतपण, माझा उत्साह."

"दूध प्यायचीस?"

"वास सहन व्हायचा नाही. अंडी, मासे, काहीच टिकायचं नाही पोटात. भाकरी आणि मीठ लावलेली काकडी, चार महिने." आता आई तिच्याकडे सरळ बघत होती. "म्हणून त्या दिवशी घरी आल्यावर मीठ धुणं बंद केलं, आणि तुला सांगितलं नाही. तू तेव्हा वर्गात पहिली येत होतीस. कशाला सांगायचं? उगीच स्वतःकडे तशी बघायला लागली असतीस."

तशी म्हणजे कशी, ते आईने सांगितलं नाही आणि ती आत्ता तशीच बघत होती. इतकी वर्षं ती धाकट्याशेजारी उभी राहून त्याला मोजत आली होती, आणि मोजणारी काठी सरळ आहे हे धरून चालली होती. तिला अजूनही डावं-उजवं सांगताना मनात घास घ्यायचा हात उचलावा लागायचा. लोकांचे चेहरे दुसऱ्यांदा भेटले तर ओळखू यायचे नाहीत. पाठांतर तिला कधीच जमलं नाही, म्हणून ती प्रत्येक गोष्ट मुळापासून विचारत बसायची आणि लोक तिला हुशार म्हणायचे. यातलं काय तिचं होतं आणि काय त्या बादलीतल्या पाण्याबरोबर गेलं होतं? साहेब म्हणाले तसं, ते दुसरं मूल जन्मालाच आलं नाही. तिने क्षणभर त्या मुलीचा विचार केला, जिला पूर्ण मिळालं असतं. ती कदाचित चेहरे ओळखणारी, झटपट पाठ करणारी, कुणालाच काही न विचारणारी झाली असती. तिला त्या मुलीचा हेवा वाटला नाही. तिच्याबद्दल उत्सुकता मात्र इतकी दाटून आली की तिने हातातला कप खिडकीत ठेवून दिला.

तिला वाटलं होतं, आज आईचा चेहरा त्या बाईसारखा होईल. आईचा चेहरा तसा अकरा वर्षांपूर्वी, एका बाकावर, कुणी बघत नसताना होऊन गेला होता, आणि तो तिच्यासाठी झाला होता. धाकट्यासाठी नाही.

"रागावलीस?" आईने विचारलं.

"नाही."

"मग अशी काय बघतेस, परकं माणूस असल्यासारखी?"

धाकटा कपड्यांचा ढीग छातीशी धरून आला. "चौदा," तो म्हणाला. "आणि एक मोजा. जोडीचा नाही." त्याने ढीग खाटेवर टाकला आणि पुन्हा बटणांपाशी बसला. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. आईकडे तोंड करून, पाय मुडपून, नव्या घरी फॉर्म भरायला बसायची तशी.

"आई, मी चालायला कधी लागले?"

आईने तिच्याकडे नीट पाहिलं, काय विचारलं जातंय ते समजून घेतलं आणि कोट बाजूला ठेवला. "उशिरा," ती म्हणाली. "हा अकराव्या महिन्यात घरभर पळत होता. तू दीड वर्षाची झालीस तरी बसल्या जागी. शेजारच्या बाईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोरगी बरी आहे ना म्हणून."

"ताई चालत नव्हती?" धाकट्याला खूपच गंमत वाटली. "बसून होती?"

"गोळाच होता नुसता."

"आणि बोलायला?" ती म्हणाली. "पहिला शब्द कधी बोलले? आणि दात? सगळं सांग, पहिल्यापासून. मी लिहून घेत नाही."